दोन बोटं सैल

सोमवार, १२ जानेवारी

प्रिय सूनबाई,

अनेक आशीर्वाद. सूनबाई म्हणायचा हक्क कागदोपत्री आता उरला नाही, पण नुसतं नाव लिहायला माझा हात धजत नाही, तेव्हा चालवून घे.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. भाड्याच्या त्या कोंदट खोलीतून सुटलीस आणि अंगण असलेलं घर मिळालं, हे वाचून बरं वाटलं. खिडक्या पूर्वेला आहेत म्हणतेस, म्हणजे सकाळचं ऊन येईल. माझं ठीक चाललंय. गुडघे कुरकुरतात, मशीन कुरकुरतं, दोघांनाही तेल घालून ढकलते आहे. शाळेच्या गणवेशांचं काम आलंय, सगळा दिवस खिसे लावण्यात जातो. चिरंजीव महिन्यातून एकदा फोन करतात, हवापाणी विचारतात आणि ठेवतात. तुमचं दोघांचं मोडलं ते मोडलं, त्यावर मी काही बोलत नाही. थंडी यंदा जरा जास्तच आहे.

आता ज्यासाठी तू पत्र लिहिलंस ते. काटक्याला न्यायला रविवारी येते, असं लिहिलंस. येऊ नकोस. तो पळाला. गेल्या बुधवारी त्याला फिरवायला नेलं होतं, कोपऱ्यावर मांजर आडवं गेलं आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच रिकामा पट्टा माझ्या हातात राहिला. पट्टा मीच शिवला होता. गळ्याचं माप घेतलं आणि दोन बोटं सैल ठेवली, शर्टाच्या कॉलरला ठेवतात तशी. चाळीस वर्षं तशीच ठेवत आले. व्हिपेट जातीच्या कुत्र्याचं डोकं त्याच्या गळ्यापेक्षा निमुळतं असतं, हे कुठल्या शर्टाने मला शिकवलं नव्हतं.

शोधलं, सापडला नाही. तू जिवाला त्रास करून घेऊ नकोस आणि उगाच इकडे हेलपाटाही घालू नकोस. नव्या घरात एखादं नवं पिल्लू आण.

बाकी ठीक.

तुझी सासू


मंगळवार, २७ जानेवारी

प्रिय सूनबाई,

हे पत्र बसून वाच, आणि पहिल्या ओळीवर फाडू नकोस.

काटक्या इथे आहे. हे लिहिताना तो माझ्या पावलांवर झोपलाय, पांघरुणातून फक्त नाक बाहेर.

मागच्या पत्रातलं पट्ट्यापर्यंतचं सगळं खरं होतं. खोटं त्याच्या पुढे सुरू झालं. तो तीन तासांत सापडला. मी गल्लीबोळ पालथे घालून, घसा बसवून परत येत होते, तर इस्त्रीवाल्याने दुकानातून हाक मारली. म्हणाला, “मावशी, तुमचा हा साहेब गरम चादरींवरून उठायला तयार नाही.” ढिगाच्या मधोमध अंगाचं वेटोळं करून बसला होता. मांडीला तार लागून चीर गेली होती. त्याची कातडी किती पातळ, ते तुला माहीतच आहे. जनावरांच्या डॉक्टरांनी नऊ टाके घातले. जरा वाकडेच घातले, मी तसं त्यांना सांगितलंही.

तुझ्याशी खोटं बोलायला मला कोणी सांगितलं नव्हतं. चिरंजीवांचं नाव पुढे करता आलं असतं, पण त्या बिचाऱ्याचा ह्यात काही हात नाही. मलाच काटक्या हवा होता.

चौदा महिन्यांपूर्वी, तुझ्या घरमालकाला जनावर चालत नाही म्हणून तू त्याला माझ्याकडे दोन महिन्यांसाठी सोडलंस, तेव्हा मी काय म्हणाले होते, आठवतं? ह्याला जेवायला घालत नाहीस का, म्हणाले होते. तू ठेवलेलं नाव माझ्या जिभेवर बसलं नाही, म्हणून काटक्या म्हणायला लागले. त्याला चारून चारून गुटगुटीत करायला निघाले, तर डॉक्टरांनी मलाच झापलं. ह्या जातीच्या बरगड्या थोड्या दिसायलाच हव्यात, म्हणाले. पहिल्या हिवाळ्यात तो पानासारखा थरथरायचा. मी गणवेशाच्या उरलेल्या कापडाचा कोट शिवला, तोही माणसाचा खाका धरून. छाती खोल आणि कंबर मुठीएवढी असलेलं गिऱ्हाईक मला जन्मात भेटलं नव्हतं. तीनदा उसवला. चौथा बसला.

दिवसभर झोपतो. सकाळी कुंपणाच्या मैदानात दोन मिनिटं असा धावतो की बघणाऱ्याला धाप लागावी, आणि मग दमलेल्या साहेबासारखा घरी येऊन माझ्या खुर्चीवर चढतो. मी स्टुलावर बसून शिवते. मापाला आलेल्या बाईच्या पायाला टेकून उभा राहतो, मग तिचा घेर वाकडा मोजला जातो. भुंकत नाही. पांघरूण घसरलं की नाकाने माझा हात ढोसतो आणि मी गुडघे सावरत उठते. पोटच्या मुलासाठी एवढी उठले नसेन.

तुझं पत्र आलं आणि मला ती खुर्ची रिकामी दिसली. म्हणून तसं लिहिलं.

मला वाटलं होतं, तू भांडशील. भांडली असतीस तर मी निभावून नेलं असतं, तोंडाला तोंड द्यायची मला सवय आहे. पण तुझं उत्तर आलं, ते माझ्या कात्रीखाली ठेवलंय: “आई, स्वतःला दोष देऊ नका. माझ्या हातूनही तो एकदा असाच सुटला होता. डोक्याचं माप घ्यायचं असतं, हे मीच तुम्हाला सांगायला हवं होतं.” हे वाचूनही मी गप्प बसले. तेही लिहून टाकते, म्हणजे काही शिल्लक राहायला नको.

आणि आता जे लिहिणार आहे, त्यासाठी चार दिवस कागद पुढे घेऊन बसले आहे.

गुरुवारी दुपारी तू आली होतीस. मी वरून पाहिलं. तू खांबाखांबावर त्याच्या फोटोची पत्रकं चिकटवत होतीस. काखेत त्याचा जुना लाल कोट होता. माझ्या खिडकीखाली थांबून तू त्याला हाक मारलीस, तू ठेवलेल्या नावाने. तो खुर्चीवरून उठला. एरवी उठला की आधी आळस देतो, तो दिला नाही. कान वर करून सरळ दाराशी गेला आणि थरथरत उभा राहिला. भुंकत नाही, ते त्या दिवशी माझ्या पथ्यावर पडलं.

मी खिडकी लावली आणि मशीन चालू केलं. सुईत दोरा नव्हता, खाली कापड नव्हतं. तुझा आवाज बुडावा म्हणून नुसते पाय मारत राहिले. चाळीस वर्षांत रिकामं मशीन मी कधी चालवलं नव्हतं. तू चार हाका मारल्यास आणि पुढच्या गल्लीत गेलीस. तो दाराशीच बसून राहिला. संध्याकाळी मी त्याच्या अंगावर पांघरूण घातलं, ते त्याने झटकून टाकलं.

इस्त्रीवाल्याचं दुकान त्या दिवशी नेमकं बंद होतं. शुक्रवारी तुझं पत्रक खांबावरून काढून त्याने मला आणून दिलं. साहेब सापडलेत, हे त्या बाईंना कोणी सांगितलं नाही का, असं विचारलं. मी सांगते म्हटलं. शरमेने त्याच्याकडे बघवलं नाही.

परवा चिरंजीवांचा फोन आला, त्यांनाही सगळं सांगितलं. म्हणाले, “राहू दे की, तिला काय कळतंय?”

मी म्हटलं, “मला कळतंय.”

तेव्हा आता ठरलं. काटक्या तुझा आहे, तुझ्याकडे जाईल. तो तिथे जेवणार नाही, हिरमुसेल, अशा पळवाटा मी स्वतःला चार दिवस सांगून पाहिल्या, एकही टिकली नाही. नवा पट्टा शिवलाय. तीन बोटं रुंद, आतून मऊ अस्तर, आणि ह्या वेळी कानांपाशी डोक्याचा घेर मोजलाय. ओढ बसली की आवळतो, सोडली की सैल होतो. दहादा ओढून पाहिला. कोटाचा कागदी खाका सोबत देईन, म्हणजे कुठल्याही शिंप्याकडून करून घेता येईल. टाके निघालेत, पण डाव्या मांडीला घासेल असं काही घालू नकोस. जेवणाआधी धावू देऊ नकोस, जेवणानंतर तर नाहीच. ऊन जिकडे सरकेल तिकडे त्याचं अंथरूण सरकवावं लागतं. तुझ्या पूर्वेच्या खिडक्या त्याला आवडतील.

येत्या रविवारी अकराला ये. मी रडारड करणार नाही. त्याला खाली आणून तुझ्या हातात देईन. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, वर येऊ नकोस, माझ्याकडे पाहूही नकोस. तेवढा राग तुझा हक्काचा आहे.

फक्त खिडकीखाली उभी राहून त्याला एक हाक मार, तू ठेवलेल्या नावाने. खिडकी उघडी असेल. मशीन बंद असेल.

तू जिला आई म्हणायचीस, ती