सिग्नल पाहूनच सांगायचा

सोमवार, ६ जानेवारी

आली एकदाची. मोताळ्याहून नांदुरा, तिथून ऑटो, अन् ऑटोवाल्याने लाइनच्या अलीकडेच उतरवून देलं. फाटक बंद झालं म्हणे, खालून पूल केला पण त्यात बारा महिने पाणी, सारे रुळावरूनच जातात, तुम्हीबी जा. मी त्याले म्हटलं, बापा, डोक्यावरचं बोचकं दिसत नाही काय तुले? हसत गेला निघून. गेली मग रुळावरून.

घर मात्र झकास आहे. दोन खोल्या, सैपाकघर, वर स्लॅब, तोटीले पाणी. मागे हरभऱ्याचं वावर अन् वावराच्या पल्याड रेल्वे. आमच्या घरी पाण्यासाठी हंडे घेऊन पळा, इथं तोटी फिरवली की झालं. मी दोनदा फिरवून पाह्यली, उगीच.

काम असं आहे. उद्धवराव म्हणून म्हातारे साहेब आहेत, इंजिनाचे ड्रायव्हर होते. लकवा मारला, उजवं अंग गेलं, बोलणं गेल्यासारखंच. त्याईचं खाणंपिणं, आंघोळ, गोळ्या मी पाहायच्या. मुलगा शौनक अन् सून शरयू पुण्याले राहतात, मले सारं दाखवून आजच गेले. सून भली आहे, पण एक गोष्ट चारचारदा सांगते. मी म्हटलं, ताई, मी पाचवीपर्यंतच शिकली, पण बहिरी नाही.

ही डायरी समताने देली. माझी एकुलती पोट्टी, खामगावले नर्सिंग शिकते. आई, रोज चार ओळी लिही म्हणे, हात वळीन. चारच्या वर झाल्या. पुरे.

बुधवार, ८ जानेवारी

साहेबाले टीव्ही लागतो. सिरियल नाही, बातम्या नाही. रेल्वे लागते.

शौनकसारखे छंदी लोक आहेत म्हणे. ते इंजिनाच्या काचेमागे कॅमेरा ठेवतात अन् या ठेसनापासून त्या ठेसनापर्यंत सारी लाइन उतरवतात. शौनकने असे पुष्कळ सिनेमे टीव्हीत टाकून ठेवले. सुरुवातीले नावाची पाटी येते, मग निस्ते रूळ. कोणी बोलत नाही, गाणं नाही, नटी नाही. ड्रायव्हरले जे दिसते तेच आपल्याले दिसते. समता म्हणे, आई, जगभर लोक पाहतात हे. मी म्हटलं, त्याईले धुणीभांडी नसतील.

खरं सांगते, दुपारी तुरीचे सोले काढता काढता मीबी पाहत बसली. मलकापूर आलं, नांदुरा आलं. कापसाची वावरं, बकऱ्या, रुळाकाठी हात हलवणारे लोक. इंजिन आपल्या पोटाखालून जमीन ओढून घेऊन राह्यलं असं वाटते. उलीसं चक्कर आल्यासारखंबी झालं.

सिग्नल दिसला की साहेब डावा हात वर करतात अन् म्हणतात, हिरवा. त्याईच्या तोंडात आता तीनच शब्द उरले, हिरवा, पिवळा अन् लाल. तेवढे मात्र ठणठणीत म्हणतात. म्हटलं की थांबतात. समोरच्याने तोच रंग सांगायचा. नाही सांगतला तर घास गालात धरून बसतात, गिळत नाहीत.

शरयूताईनं चारदा सांगतलं ते हेच. इंजिनात दोघं बसतात. एकाने सिग्नल पाहून रंग सांगायचा, दुसऱ्याने आपल्या डोळ्याने पाहून तो पुन्हा सांगायचा. जुळलं नाही की गाडी थांबवायची. साहेबाची नजर अधू झाली, म्हणून ते दुसऱ्याचं ऐकतात. शेजारी बसा अन् पाहूनच सांगा, बेबीताई, म्हणे. मी हो म्हटलं.

शुक्रवार, १० जानेवारी

कोण बसते शेजारी! तव्यावर भाकर टाकली की साहेबाचा हिरवा येते. दोनदा भाकर करपली. मग मी सैपाकघरातूनच ओरडून देलं, हिरवा! झालं काम, साहेबाने घास गिळला. अन् सिग्नल तर सदा हिरवाच असते. डोक्शं लागते कामाले.

समताले फोनवर सांगतलं तर हसून हसून मेली. आमची आई ड्रायव्हरची असिस्टंट झाली म्हणे. सोल्याची भाजी खायची आहे तिले. म्हटलं एकोणीसचा रविवार धर, तवरीक सोले राहतील. भाजी मी करीन पण भांडे तू घासशील. त्यावर म्हणे आवाज येत नाही.

सोमवार, १३ जानेवारी

आज एक सिनेमा लागला, त्याले पाटीच नव्हती. एकदम रूळच सुरू. मी पीठ मळत होती. साहेब काही बोलले, मी सवयीने हिरवा म्हणून देलं अन् हात धुवायले वळली तर टीव्हीत आमचं घर.

मागून दिसत होतं. वावर, स्लॅब, पाण्याची टाकी. तारेवर माझं जांभळं लुगडं वाळत होतं. मले हसूच आलं, घर टीव्हीत आलं म्हणून. मग ध्यानात आलं, ते लुगडं मी आज सकाळीच धुतलं.

जुन्या फाटकाचा सिग्नल डोक्यावरून गेला, तो लाल होता. साहेबाचा हात वरच होता. बोटं हलून राह्यली होती, पण तोंडाने ते म्हणत होते, हिरवा. माझंच ऐकून म्हणत होते. रुळावर पांढरी बकरी, एक कान काळा. मग अंधार झाला, दुसरा सिनेमा लागला, पाटीवाला.

चारच्या सुमारास बनाबाई रडत आली. पलीकडच्या घरची, आम्ही चहा पितो सोबत. तिची बकरी गाडीखाली कटली. मी विचारलं, कोणती? म्हणे एकच तर होती, काळ्या कानाची.

आम्ही भूतखेत मानत नाही. बकरी चरता चरता गेली असेल. पण लुगड्याचं काय?

बुधवार, १५ जानेवारी

आज भाकरी आधीच करून ठेवल्या अन् साहेबाच्या शेजारी बसली. पाटीवाले दोन झाले. मग तो बिनपाटीचा.

जुनं फाटक आलं. सिग्नल लाल. साहेबाने माझ्याकडे पाह्यलं, लाल म्हणाले, पण विचारल्यासारखे. मी म्हटलं, लाल. जोरात म्हटलं. पुढे एक म्हातारा सायकल रुळावरून ओढत होता, चाक अडकलं होतं त्याचं. त्याले काही माहीतच नव्हतं.

टीव्हीतली गाडी थांबली. त्याच टायमाले मागे असा कर्कश ब्रेक लागला की मी कान धरले. खिडकीतून पाह्यलं. हरभऱ्याच्या पल्याड मालगाडी उभी, अन् म्हातारा सायकल उचलून शिव्या देत चालला.

साहेबाच्या डोळ्यात पाणी आलं. माझ्याबी आलं. म्हणजे मी पाहून सांगतलं तर थांबते.

मग परवा बकरी—

गुरुवार, १६ जानेवारी

शरयूताईले फोन केला. म्हणे पाटी नसलेला कोणताच सिनेमा शौनकने टाकला नाही. मोबाईलमधून फोटो पाठवा. मी काढला, तर फोटोत नुसती निळी काच. ताई म्हणे, बेबीताई, तुमची झोप होते ना? मी म्हटलं, माझी होते, तुमची उडंल. सोमवारी दोघं येतो म्हणाले.

दुपारी टीव्हीचा प्लगच काढला. तरी साहेबाने काळ्या काचेकडे पाहून हात वर केला, हिरवा. मागून गाडी गेली. पुन्हा हात वर. मले काहीच दिसत नव्हतं, काय सांगू? तोंड दाबून बसली. साहेबाचा श्वास अडकला, ओठ निळे पडले. लावला प्लग.

दिसलेलं बरं.

शुक्रवार, १७ जानेवारी

बनाबाईले विचारलं, माझ्या आधीची मनकर्णाबाई गेली काऊन? आधी म्हणे मले काय माहीत. मग सांगतलं. तिचा नवरा तिले भेटायले येत होता, जुन्या फाटकावर गाडीखाली गेला. त्याच दिवशी ती निघून गेली, चपलाबी इथंच राह्यल्या. जाताना एवढंच बोलली, सैपाकघरातून उत्तर देऊ नका म्हणावं कोणी. बनाबाईले वाटलं, दुःखाने डोकं फिरलं. मी म्हटलं, मले पहिल्याच दिवशी सांगायले तुझं तोंड शिवलं होतं काय? तीबी चिडली. उद्या पोरीकडे जाते म्हणे नांदुऱ्याले, तुझं तू पाह्य.

परत आली तर टीव्ही सुरू. मी नसताना सिग्नल येऊन गेले असतील, साहेब तडफडत असतील म्हणून धावत आत गेली. साहेब शांत होते, तोंडातली गोळी गिळलेली.

त्याईले कोणी उत्तर देलं?

सैपाकघरात तवा तापलेला होता. मी ठेवला नव्हता.

शनिवार, १८ जानेवारी

पाहत होती. फाटक दूर होतं अजून. तिथं कोणी तरी उभं होतं, पोरगी. खांद्याले पिवळी पिशवी.

ती पिशवी मी शिवली. माझ्या लुगड्याच्या काठाची आहे.

लाइट गेली. टीव्ही बंद.

समताले फोन केला, ती खामगावलेच होती. म्हटलं, उद्या येऊ नको. काऊन म्हणे. सांगतलं सारं. आई, टीव्ही कमी पाहत जा, म्हणे. मी ओरडली तिच्यावर. मग हळूच म्हणे, बरं नाही येत, ड्यूटी लावून घेते. शपथ घातली तिले. सोले बनाबाईच्या दाराशी ठेवून देले, तिच्या घराले कुलूप आहे.

उद्या शेजारून उठणार नाही. अन् हे ठरवलं, आधी पाहायचं, मग इथं लिहायचं, मग बोलायचं. लिहिलं की जीभ आपल्या मनाने चालणार नाही.

रविवार, १९ जानेवारी

खुर्ची टीव्हीसमोर घेतली. डायरी मांडीवर. सैपाकघराचं दार लावून कडी घातली. सैपाक केलाच नाही, साहेबाले केळं देलं.

पाटीवाला आहे. हिरवा. लिहिलं. बोलली.

हिरवा. बोलली.

पिवळा. बोलली. साहेब पिवळा म्हणाले. जुळते.

समताचा फोन. रागावली आहेस ना आई, म्हणे, म्हणून निघाली. ड्यूटी नाही लावली. ऑटोतून उतरली. फाटकाजवळच आहे, पाणी भरलं आहे खाली, वरून येते, सोले ठेवलेस ना— मी ओरडली, थांब तिथंच. आवाज येत नाही म्हणे. कटला.

लागत नाही. पुन्हा लागत नाही.

पाटीवाला संपला. तो बिनपाटीचा लागला.

धावत जाऊ? वावर एवढं मोठं. पोचणार नाही. अन् इथं उत्तर कोण देईन? इथं बसूनच थांबते गाडी. बुधवारी थांबली. थांबते.

हिरवा, फाटकाच्या आधीचा. नाही, पिवळा. नीट पाह्य बाई. पिवळा. बोलली.

साहेब पिवळा म्हणाले.

आमचं घर दिसून राह्यलं. टाकी. तार.

पिवळी पिशवी. रुळाकडे येऊन राह्यली. फोन कानाले आहे तिच्या. मलेच लावत असंल. खाली पाहून चालते.

सिग्नल—

लाल.

लाल. लिहिलं. बोलली, लाल. साहेब माझ्याकडे पाहून राह्यले. लाल म्हणाले. हात वर आहे. जुळलं. जुळलं बापा, थांब आता—

सैपाकघरातून कोणी तरी म्हटलं, हिरवा.

माझा आवाज. चिडलेला. भाकर करपली की येते तसा.

कडी लागलेली आहे.

लाल. मी म्हणते लाल. साहेब तिकडे वळले. साहेब इकडे पाहा, लाल, मी इथं आहे, मी ही—

हिरवा. पुन्हा. तव्यावर काही चरचरते.

साहेबाची बोटं हलून राह्यली. तोंड उघडते. ते तिचं ऐकून—

शिटी. टीव्हीची नाही. मागची.

लाल लाल लाल समता ला