मीरा निजते ती गाडी

२ ऑक्टो. ९३, मुरुड (जि. लातूर)
कमलताईच्या गावाहून परतलो. गाव कुठलं, भूकंपानं दगड न् माती. ताई, दाजी दोघंही गेले. एकाच चितेवर अग्नी दिला. मीरा तेवढी वाचली, तुळईच्या आडोशाला सापडली. सहा वर्षांचं लेकरू. माझी भाड्याची व्हॅन होती म्हणून बरं. आधी जखमी माणसं औशाला सोडली, मग मागची सीट पाडून मीराला आडवी केली न् घरी आणली. रस्ताभर डोळे उघडेच. रडली नाही.

५ ऑक्टो.
मीरा घरात येईना. उंबऱ्यापाशी आली की किंचाळते. सौ.नं कडेवर घेऊन आत न्यायला बघितलं तर कचकन चावली. शेवटी व्हॅनमध्येच गोधडी टाकली. सरकता दरवाजा हातभर उघडा ठेवावा लागतो. सगळं गावच बाहेर निजून राहिलंय, मग हिचं काय एवढं. होईल सवय.

मार्च ९४
गाव आपापल्या घरात गेलं. ही नाही.
अंगणात पत्र्याची खोली करून दिली. भिंती पत्र्याच्या, वर पत्रा, पडला तरी जीव जायचा नाही. आत गेली, सगळीकडं बघितलं, बाहेर आली.
"का गं?"
"मामा, हिला चाकं न्हाईत."


जून ९८
लातूरच्या क्लासला जाणारी पोरं लई वाढली. जुन्या व्हॅनमध्ये मावेनात. आज नवं मॉडेल आणलं. नाक जरा गोल, पुढं आलेलं. मधलं बाकडं उलट्या तोंडाचं, पोरं समोरासमोर बसतात. इंजिन मात्र तिथंच, ड्रायव्हरच्या बुडाखाली. उन्हाळ्यात भाजणारच.
जुनी विकली. मीरानं दोन दिवस अन्न घेतलं नाही. समोरासमोरच्या दोन बाकांवर फळी टाकून दिली, तेव्हा कुठं निजली. सौ. म्हणाली, "पोरीला दवाखान्यात दाखवायचं सोडून तुम्ही सुतारकाम करा." बरोबर आहे तिचं. पण कुठल्या दवाखान्यात? ह्याला काय म्हणून सांगायचं?

जुलै २००३
दहावीला शाळेत पहिली आली. वर्गात दाराजवळ बसूनच शिकली. आता तिला डॉक्टर व्हायचंय. मी म्हणालो, होशील.
लातूरला नाव घातलं. क्लास तिसऱ्या मजल्यावर. पहिल्या जिन्याच्या वळणापर्यंत गेली, माघारी आली. सर भले माणूस, स्वतः खाली आले. "बाळ, एवढ्या पोरी बसतात की वर." ती मान हलवून गाडीत जाऊन बसली. आता रोज खाली व्हॅनमध्ये बसून वाचते. सुटल्यावर मैत्रिणी आज काय झालं ते सांगतात. उभ्या उभ्या, घाईत.

मे २००५
वैद्यकीयची प्रवेश परीक्षा. नांदेडचं केंद्र, दुसरा मजला. ह्या वेळी वर गेली. एकटी. मला वाटलं, सुटलो आपण.
अर्ध्या वेळात खाली आली. ओठ पांढरे.
"मामा, बाकडं हाललं."
रस्त्यावरनं ट्रक गेला होता. मी पण बघितला होता तो ट्रक. सांगितलं तिला. "मला ठाऊक हाय," म्हणाली.
येताना लोह्याला चहाला थांबलो. ती उतरली नाही.

ऑग. २००५
नांदेडलाच मनाच्या डॉक्टरांना दाखवलं. गोळ्या दिल्या. जबरदस्ती करू नका म्हणाले. किती दिवस चालेल विचारलं, तर पुढच्या महिन्यात परत आणा म्हणाले. गोळ्यांनी पोरगी दिवसभर पेंगते. वाचलेलं ध्यानात राहत नाही म्हणून महिन्याभरात तिनंच बंद केल्या.

फेब्रु. २००८
लोह्याचं स्थळ आलं. मुलगा मास्तर, माणसं बरी. पोह्यांच्या बशा हातात असतानाच त्याच्या आईनं विचारलं, "पोरगी गाडीत निजती म्हनं?"
सौ. काहीतरी सावरायला गेली. मीराच म्हणाली, "हाव."
चहा पिऊन गेली माणसं. निरोप नाही.
गाडीला गॅसचं किट बसवलंय. मागं टाकी आल्यानं फळी कापावी लागली. मीरा आता गुडघे पोटाशी घेऊन निजते. पाठ दुखते, सांगत नाही. सकाळी उतरताना दिसतं.

डिसें. २०१०
जुन्या गाडीचा तळ सडला. पोरांचे आईबाप कुरकुर करून राहिले, दुसऱ्यांच्या गाड्या नव्या झाल्या म्हणून. मीराला घेऊन लातूरला नवीन मॉडेल बघायला गेलो. लांबीला जास्त, एसी, नावही बदललंय. सगळ्या सीटा पुढं तोंड करून, बोल्टनं आवळलेल्या. मी विचारलं, पाडता येतात का. विकणारा पोरगा हसला. "काका, बसायची गाडी हाय ही. झोपायला घर न्हाई व्हय?"
मीरा मधल्या सीटवर आडवी होऊन बघत होती. पाय दरवाज्याबाहेर आले. ते आत घ्यायला बघितलं, जमलं नाही. उठली, ओढणी नीट केली. "चांगली हाय मामा. घ्या."

जाने. २०११
नवी गाडी घरी आली. सौ. म्हणाली, जुनी तशीच राहू द्या अंगणात. मीराच नको म्हणाली. तळातनं उंदीर येतात, पाणी येतं. शिवाय अंगणातच ती आठवी-नववीच्या पोरींना शिकवते, गाडीनं जागा अडते म्हणे. एवढं शहाण्यासारखं बोलली की मला धीर आला. विचारलं, मग निजशील कुठं? "बघू," म्हणाली.

दुसरा दिवस
भंगारवाला गाडी ओढून घेऊन गेला. संध्याकाळी सौ.नं पुढच्या खोलीत खाट टाकली, खिडक्या-दारं सताड उघडली. मीरा उंबऱ्यापर्यंत आली. चौकटीला हात लावून उभी राहिली.  मग तिथंच खाली बसली. तेवीस वर्षांची पोर, चौकट काही सोडीना.
सौ.नं खाट उचलून अंगणात आणली.
"मामी, थंडी लई हाय. तुम्ही आत जावा."
सौ. गेली नाही. मी पण घोंगडं घेऊन बाहेर आलो. असं कुठवर चालणार, आणि आम्ही दोघं गेल्यावर हिच्यापाशी बाहेर कोण निजायचं.