पाचव्या हुकाजवळचा आकडा

प्रिय धाकट्या,

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र लिहितोय असं समजू नकोस. उचलला असतास तरी मी कुंडीतल्या कोलियसबद्दलच बोललो असतो. शनिवारी तुझ्याकडे दीड तास बसलो, दोनदा चहा झाला, आणि मी तुला काय सांगितलं? कोलियसचे शेंडे वेळेवर खुडले नाहीत तर तो उंच सुटतो आणि खालून उघडा पडतो. दीड तासात एवढंच. तू भिंतीकडे बघत होतास. निघताना तुझ्या बायकोनं दारात विचारलं, दादा, गुरुवारच्या बैठकीत तुम्ही काहीतरी बोलणार ना यांच्यासाठी? मी चपला घालता घालता म्हणालो, बघू. जिना उतरताना माझा मलाच राग आला, पण परत वर आलो नाही.

आता सगळं क्रमानं लिहितो. यातलं बरंच तुला माहीत आहे, तरी लिहितो. का, ते शेवटी कळेल.

डोळ्यांच्या दवाखान्याच्या त्या लांब काचेच्या व्हरांड्यात बारा टांगत्या कुंड्या लावायचं काम मी घेतलं, तेव्हा मोठ्या डॉक्टरीणबाईंनी एकच अट घातली होती. स्लॅबला भोक पाडायचं नाही, जे काय ते लाकडी तुळयांना. तू तुळया ठोकून बघितल्यास, नखानं खरवडून बघितल्यास आणि मला म्हणालास की लाकूड जुनं आहे, प्रत्येक हुकाला बारा किलो, वर एक तोळा नाही. मी तुझी थट्टा केली, सोनाराकडे नोकरी धरलीस का म्हणून. पण तुझी पद्धत मला आवडते, हे मी तुला कधी सांगितलं नाही. हुक बसवायचा, त्याला पंधरा किलो वाळूचं पोतं दोन दिवस टांगून ठेवायचं, पोतं उतरवल्यावर फट पडली का ते बोटानं चाचपायचं, आणि मगच हुकाशेजारी पेन्सिलीनं बारीक आकडा लिहायचा. बारा. आधी कधी नाही. बाराही हुकांशी तू तो आकडा लिहिलास.

मीही कमी नव्हतो. मला हे कुणी शिकवलेलं नाही. बावीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, आणि डोळ्याला लावायचं भिंग उतरवून मातीत हात घातला तो चाळिशीत. मधे एक उभं झाड, भोवती भरगच्च फुलं, कडेनं खाली सुटणारी पानं, हे मी चुकत चुकत शोधून काढलं. दवाखान्यासाठी रंग निवडायला मला आठवडा लागला. डोळ्यांत औषध घालून बसलेल्या माणसाला धूसर दिसतं, तेव्हा बारीक फूल त्याच्या काय कामाचं? मधे गडद लाल कोलियस, भोवती पांढरा आणि जांभळा पिटुनिया, एका अंगाला बिगोनिया, आणि कडेनं पिवळट हिरवा रताळवेल, चांगला हातभर खाली येणारा. त्या माणसाला निदान रंगांचे गोळे तरी दिसावेत. प्रत्येक कुंडीला पाणी घातलं, तासभर निथळू दिलं, ताणकाट्याला लावली आणि कार्डावर वजन लिहिलं. सगळ्यांत जड भरली ती दहा किलो चारशे ग्रॅम. तू कार्डं बघितलीस आणि म्हणालास, आता झोप लागेल. पहिले दोन महिने खरंच सगळं ठीक होतं.

मग झाडलोट करणाऱ्या मावशींची तक्रार सुरू झाली. त्या मला फुलवाले म्हणतात. मी हार विकत नाही हे त्यांना तीनदा सांगून झालंय. त्यांचं म्हणणं, कुंड्या टिपकतात, फरशी ओली होते, आणि डोळ्याला पट्टी बांधलेला माणूस घसरून पडला तर तुमची फुलं काय त्याला उचलायला येणार आहेत? बरोबरच होतं मावशींचं. टिपकणं थांबवा, नाहीतर कुंड्या उतरवा. खाली ताटल्या लावता आल्या असत्या. पण ताटली लावली की कुंडी पोपटाच्या पिंजऱ्यासारखी दिसते, आणि मला ते बघवलं नसतं. म्हणून मी डोकं चालवलं. तळाची भोकं आतून जाड प्लास्टिकनं बंद केली आणि बाजूला, तळापासून चार बोटं वर, नवी भोकं पाडली. पाणी तळाशी साठून राहायचं, मुळं ते सावकाश प्यायची, वरून थेंब म्हणून पडत नव्हता. रोजचं पाणी चौथ्या दिवसावर आलं. पिटुनिया असा फुलला की डॉक्टरीणबाई थांबून बघायला लागल्या. मी ही युक्ती रोपवाटिकेवाल्याला सांगितली, न्हाव्याला सांगितली, तुझ्या वहिनीला तर दोनदा सांगितली. तिसऱ्यांदा ती म्हणाली, आता त्या कुंडीलाच ऐकवा. तुला मात्र सांगितली नाही.

कामाच्या गडबडीत राहून गेलं, असं मी इथं लिहिणार होतो. तसं लिहून एक कागद फाडलासुद्धा. धाकट्या, राहून गेलं नव्हतं. पहिली कुंडी बदलून झाली तेव्हा ताणकाटा समोरच खिळ्याला होता. मी हात वर नेला आणि खाली घेतला. आकडा बाराच्या वर जाणार हे मला हातातल्या ओझ्यावरूनच कळलं होतं. वजन केलं असतं तर तुला सांगावं लागलं असतं, तू उतरवायला लावलं असतंस, आणि मला मावशींपुढे जाऊन माझी युक्ती चालत नाही असं म्हणावं लागलं असतं. तेवढं एक वाक्य टाळण्यासाठी मी बाराच्या बारा कुंड्या तशाच परत टांगल्या.

पुढचं सगळ्या गावाला माहीत आहे. दोन दिवस दवाखाना बंद राहणार होता म्हणून मी आदल्या दिवशी गळ्यापर्यंत पाणी घातलं. उघडला त्या मंगळवारी सकाळी सव्वादहाला दारापासूनची पाचवी कुंडी हुकासकट खाली आली. खाली काउंटरवरची बाई कागद घ्यायला वाकली होती. वाकली होती म्हणून डोकं वाचलं, आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. मी पोचलो तेव्हा तिला खुर्चीवर बसवलं होतं. तिच्या केसांत माती होती आणि ती सगळ्यांना सांगत होती की मला काही झालेलं नाही, त्या म्हाताऱ्या आजोबांना आधी आत घ्या. डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या आणि विचारलं, हे कसं झालं? तेव्हा मी जे बोललो ते तू नंतर चारचौघांकडून ऐकलंस. आता माझ्याकडून ऐक. मी म्हणालो, "हुकाचं काम माझं नाही. ते माझा भाऊ करतो."

शब्दशः खरं होतं ते. म्हणून तर इतक्या सहज तोंडातून बाहेर पडलं.

त्यानंतर शाळेनं तुला रंगमंचाचे दिवे लावायला येऊ नको म्हणून कळवलं, ग्रंथालयानं पंख्यांचं काम काढून घेतलं. हे मला कळत होतं आणि मी माझ्या कुंड्यांच्या दुकानात बसून शेंडे खुडत होतो. मला वाटलं होतं तू भांडशील. माझं लाकूड, माझं पोतं, माझा आकडा बरोबर होता, दादा, तू कुंडीत काय घातलंस ते बोल, असं म्हणत येशील. तू आला असतास तर बरं झालं असतं. पण तू शुक्रवारी शिडी घेऊन एकटाच दवाखान्यात गेलास, पाचव्या तुळईपाशी चढलास, बघितलंस आणि उतरलास. शनिवारी मी आलो तेव्हा तू भिंतीकडे बघत एवढंच म्हणालास, "तिथं आकडा नाही, दादा. बाकी अकरांशी आहे. पाचव्याला मी पोतं लावलंच नसणार. मला आठवतच नाही."

मग तू सांगितलंस की गोदामावर पहारेकऱ्याची जागा आहे, पहिल्या तारखेपासून रुजू होणार, आणि ड्रिलची पेटी एका सुताराला देऊन टाकणार. मी त्यावर कोलियसचं सांगितलं.

तुला आठवत नाही, कारण आठवायला काही वेगळं नव्हतं. बाराही पोती तू एकाच पद्धतीनं लावलीस. पाचवं उतरवताना ते शिवणीवर उसवलं, व्हरांड्याभर वाळू झाली आणि मावशी तुझ्यावर ओरडल्या, तेव्हा शिडी मीच धरली होती. त्यांना विचार, त्या विसरणाऱ्यातल्या नाहीत. आणि तू आकडा लिहिला होतास. तो मी पुसला.

मंगळवारी दुपारी उरलेल्या अकरा कुंड्या मी उतरवल्या. पाचव्या जागी लाकडाचा कपचा निघाला होता, पण शेजारी तुझा बारा शाबूत होता, दोनाला तू काढतोस तशा लांब शेपटीसकट. माझ्या मनात आलं, कुणी हे वाचलं तर विचारेल की कुंडी किती किलोची होती. मी अंगठा ओला केला. खाली माणसं जा-ये करत होती, कुणी वर बघितलं नाही. बाकी अकरा आकड्यांना मी हात लावला नाही, कारण तिथं काही मोडलं नव्हतं. ही गोष्ट तुझ्या डोक्यात अशी जाऊन बसेल, हे मला तेव्हा सुचलं नाही. पण शनिवारी तू ते बोललास तेव्हा मी समोर होतो. तेव्हा तर मला सगळं कळत होतं ना?

काल मी पाचव्या कुंडीच्या शेजारची, सहावी, तशीच गळ्यापर्यंत भरली आणि ताणकाट्याला लावली. तीन महिन्यांची वाढ आणि तळाचं पाणी धरून सोळा किलो आठशे. तीनदा लावली. तीनदा तेवढीच.

गुरुवारी अकरा वाजता दवाखान्यात या अपघाताबद्दल बैठक आहे. डॉक्टरीणबाई असतील, मावशी असतील, काउंटरवरची बाईही हात गळ्यात बांधून येणार आहे म्हणे. मीही येईन. पण मला माझं तोंड माहीत आहे. मी उभा राहिलो की आधी रंगांबद्दल बोलेन, मग फरशीबद्दल, मग लाकूड जुनं होतं म्हणेन, आणि पाच मिनिटांत सगळ्यांना पटेल की चूक कुणाचीच नव्हती. म्हणून हे लिहिलं, आणि बाहेरच्या माणसालाही कळावं म्हणून पहिल्यापासून लिहिलं. वजनांचं कार्ड सोबत आहे, खाली माझी सही आहे. हे पत्र तू तिथं मोठ्यानं वाचायचंस, पहिल्या ओळीपासून, कोलियससकट. मी मधे काही बोलायला लागलो तर खाली बसव. धाकटा आहेस म्हणून संकोच करू नकोस. आणि वाचून झाल्यावर माझ्याकडे बघितलं नाहीस तरी चालेल.

तुझाच,
दादा