बासवाल्याच्या जागेचा वारस

मी, हरेश्वर गोविंद राऊत, वय वर्षे सदुसष्ट, धंदा वाडी आणि बास गिटार, राहणार खाडीकडची आळी, वसई, जिल्हा पालघर, आज मंगळवारी सकाळी, पोटात फक्त चहा असताना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझ्यावर कोणी दडपण आणलेलं नाही. दडपण आणायचं तर आधी माझ्याकडे लक्ष द्यावं लागेल, आणि ती सवय घरात कोणाला नाही. अक्कलहुशारी शाबूत आहे. यावर आमच्या ऑर्केस्ट्राचा मालक ज्युलियस लोपीस हरकत घेईल, कारण त्याच्या मते बास वाजवणाऱ्याला अक्कल लागतच नाही. अशा हरकतीला कोर्टात किंमत नाही, असं वकील ज्ञानदाबाईंनी मला सांगितलं आहे.

ज्ञानदाबाई असंही म्हणाल्या, "काका, मुद्द्याचं तेवढं लिहा, गोष्टी लिहू नका." मी म्हटलं, बाई, जन्मभर मी मुद्द्याचंच वाजवलं, गोष्टी बाकीच्यांनी सांगितल्या. आता एकदा मला बोलू द्या. त्या हसल्या आणि आणखी कोरे कागद देऊन गेल्या.

कलम १. घर. राहतं घर, पुढचं अंगण आणि विहीर माझी पत्नी सौ. बायजा हिला, ती हयात आहे तोवर. तिच्यानंतर मुलगा भूपेश याला. बायजाने माझ्या वाजवण्याला आजवर एकदाही चांगलं म्हटलेलं नाही. लग्नानंतर पहिल्यांदा कार्यक्रमाला आली आणि घरी येऊन विचारते, "बाकीचे वाजवत होते, तुमी कोनाची गिटार धरून उभे होते?" तरीही प्रत्येक कार्यक्रमाचा शर्ट तिने इस्त्री करून दिला आणि कॉलर कधी पिवळी दिसू दिली नाही. म्हणून विहिरीवरचा नवा पंपसुद्धा तिलाच.

कलम २. वाडी. केळी आणि मोगऱ्याची वाडी बायजा आणि भूपेश यांना निम्मी निम्मी. भूपेशने त्याच्या साउंड सिस्टीमचा टेम्पो मोगऱ्यात उभा करू नये. गेल्या पावसात केला होता, आणि "चाकाखाली काही नव्हतं" असं तोंड वर करून सांगितलं होतं. चाकाखाली दोन रोपं होती. मी विसरलेलो नाही.

कलम ३. सोबती. आमच्या ऑर्केस्ट्राचं नाव न्यू व्हायोलेट. हळद असो की चर्चमधल्या लग्नानंतरचं रिसेप्शन, वसईपासून विरारपर्यंत बोलावणं येईल तिथे आम्ही वाजवतो. ज्युलियस कीबोर्डवर, आलोशियस डिमेलो ड्रमवर, जयराम गायक आणि मी. या तिघांना मी काय ठेवतो ते खाली लिहिलं आहे.

(अ) जयराम याला माझा जुना चष्मा आणि गाण्याचा कागद ठेवायचा स्टँड. जयरामला एकाही गाण्याचं दुसरं कडवं पाठ नाही. ते आलं की तो माईक पब्लिककडे करतो आणि डोळे मिटतो. पब्लिकला वाटतं, किती प्रेमाने आपल्याला गायला सांगतोय! आता कागद समोर ठेवावा, चष्मा लावावा आणि स्वतःचं काम स्वतः करावं.

(ब) आलोशियस याला काहीही नाही. रागाने नाही. ज्ञानदाबाईंचं म्हणणं, साक्षीदाराला मृत्युपत्रात काही ठेवू नये म्हणजे पुढे वाद होत नाहीत. मला साक्षीला विश्वासाचा माणूस हवा होता, म्हणून मी त्याला वगळलं. नाहीतर त्याला घड्याळ दिलं असतं. सगळ्या गाण्याची वेळ सांभाळणारा हा माणूस स्वतः कधी वेळेवर आलेला नाही. आजही दहाला बोलावलं आहे, म्हणजे जेवायच्या सुमाराला येईल आणि म्हणेल, "एवढी कसली घाई रे तुला मरायची?"

(क) ज्युलियस याला त्याचेच विनोद परत. माझी ओळख करून देताना माईकवर त्याने जे जे सांगितलं, ते इथे लिहून ठेवतो, कारण माझ्यानंतर तो त्यात मीठमसाला घालेल.

नवरदेवाच्या बापाला कोणी विचारलं, ऑर्केस्ट्रात माणसं किती? तो म्हणाला, तीन, आणि एकजण त्यांच्याबरोबर आलाय.

बासवाला कशाला ठेवायचा? टेम्पो बंद पडला तर ढकलायला.

बासवाला आजारी पडला तर काय करायचं? यजमानाला फोन करून एक ताट कमी सांगायचं.

हे ऐकून हसलो नाही असं एकदाही झालं नाही. विनोद चांगलेच आहेत. शिवाय खरं सांगायचं तर ताटाचा विनोद मीच त्याला टेम्पोत सुचवला होता. त्याच्या कीबोर्डमध्ये शंभर वाद्यांचे आवाज आहेत आणि त्यातलं एकही वाद्य त्याला येत नाही, हाही माझाच. तो मात्र त्याने माईकवर कधी सांगितला नाही.

कलम ४. ज्युलियसवर एक राग आहे, तो इथेच काढून टाकतो. गेल्या नाताळात त्याच्या घरी आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. त्याने नवा लॅपटॉप दाखवला आणि म्हणाला, "हरेश्वर, तू गेलास की मी दुसरा माणूस शोधणार नाही. बास यात टाकणार. हा जेवत नाही, आणि याला घरी सोडायला पण लागत नाही." सगळे हसले. मीही हसलो. मला वाईट वाटलं, ज्युलियस. फार वाईट वाटलं. माझ्यावर हसा, मी आहेच त्यासाठी. पण मी जिथे उभा राहतो तिथे माझ्यानंतर माणूस उभा पाहिजे. हे मृत्युपत्र मी घरासाठी किंवा वाडीसाठी केलेलं नाही, ती आपोआपही वाटली गेली असती. हे त्या जागेसाठी आहे.

कलम ५. आता जे लिहितो ते माझ्या हयातीत कोणी वाचू नये.

गेल्या श्रावणात एका सकाळी माझ्या डाव्या हातातून चहाचा कप सुटला. सून संजना समोर होती. तिने आरडाओरडा केला नाही, रिक्षा बोलावली आणि मला डॉक्टर हर्षवर्धन यांच्याकडे नेलं. अर्धांगाचा हलका झटका होता. हात वाचला, बोटं नाहीत. तारेवर ती ठेवता येतात, दाबता येत नाहीत. घरी आम्ही सांध्याचं दुखणं म्हणून सांगितलं.

संजना आचोळ्याची, फ्लॅटमध्ये वाढलेली, वडील नोकरीवाले. लग्नात कपाटाबरोबर एक लांब काळी पेटी आली, ती बायजाने "बंदूक हाये काय?" म्हणून पलंगाखाली सरकवली. त्यात बास गिटार होती. पोरगी कॉलेजपासून वाजवते. दुपारी मागच्या पडवीत ती आणि मी बसायचो, बायजा भाजी निवडत समोर. भूपेशला ते ठाऊक होतं. पण स्टेजचा विषय निघाला की तो म्हणायचा, "घरात वाजव, मागे माझा साउंड बघ. पण हळदीत सगळ्या गावासमोर उभी राहू नकोस. लोक काय बोलतील?" लोक! हळदीतले लोक चिकन आलं की नाही ते बघतात.

तुळशीचं लग्न जवळ आलं, म्हणजे आमचा सीझन सुरू होणार. मी पडवीत हात मांडीवर ठेवून बसलो होतो आणि मला रडू आलं. संजना म्हणाली, "बाबा, टेन्शन नका घेऊ. तुम्ही पुढे उभे राहा, मी मागून सांभाळते."

आणि तिने सांभाळलं. भूपेशच्या साउंडचा मिक्सर स्टेजच्या मागे पडद्याआड असतो आणि त्यावर तीच बसते. काळी बास तिच्या मांडीवर, तिची वायर मिक्सरमध्ये. माझी लाल बास माझ्या गळ्यात, आणि माझ्या वायरचं दुसरं टोक माझ्या पँटच्या खिशात. तुळशीच्या लग्नापासून परवापर्यंत, अख्खा सीझन, न्यू व्हायोलेटमध्ये बास वाजवली ती संजनाने. मी मान हलवली.

ज्युलियस, तुला कळलं नाही. जयराम, तुला कळणार नव्हतंच, तुला फक्त जयराम ऐकू येतो. आणि भूपेश, तू साउंडवाला! बापाची वायर कुठे गेली आहे ते एकदा वाकून बघितलं असतंस तर सगळं उघडं पडलं असतं. पण तू जेवणाच्या काउंटरजवळ होतास.

कळंबच्या हळदीत तर कमालच झाली. जयराम गाणं विसरला आणि मधूनच भलत्या कडव्यावर उडी मारली. ज्युलियस चाचपडला. बास मात्र एक सूर न चुकता जयरामच्या मागे गेली आणि सगळ्यांना ओढून जागेवर आणलं. गाणं संपल्यावर जयराम माझ्या गळ्यात पडला, "काय पकडलंस रे, हरेश्वर!" त्यानंतर पाचच मिनिटांत ज्युलियस माईकवर म्हणाला, "हा आमचा बासवाला. याची वायर काढून ठेवली तरी कोणाला कळणार नाही." मंडप हसला. मी एवढा हसलो की खिशातली वायर बाहेर पडायची वेळ आली. पडद्यामागे संजना तोंडावर ओढणी दाबून बसली होती.

परतताना टेम्पोत मी तिला जयरामची शाबासकी पोचती केली. ती म्हणाली, "तुम्हीच ठेवा बाबा, छान दिसत होतात." मला ती ठेवून घ्यायची लाज वाटली आणि ठेवून घेतलीही.

हे सगळ्यांना सांगावं, असं तिने कधी म्हटलं नाही. मीही सांगत नाही. सांगितलं की मला उतरावं लागेल, आणि स्टेज सुटलं तर मी घरात बसून झुरेन. एवढा स्वार्थ मला माफ करा. आहे तोवर मला तिथे उभं राहू द्या.

कलम ६. सबब, माझी लाल बास गिटार, तिचा पट्टा, अॅम्प्लिफायर आणि न्यू व्हायोलेट ऑर्केस्ट्रातली ड्रमच्या डाव्या बाजूची माझी जागा मी सून सौ. संजना भूपेश राऊत हिला देतो. जागा देता येते का, असं मी ज्ञानदाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, कायद्याने नाही, पण लिहायला कोणी अडवत नाही. म्हणून लिहितो.

ज्युलियस, तिला पडद्यापुढे घे. चाचणी घ्यायची असेल तर ती सबंध सीझन होऊन गेली आहे.

भूपेश, तू तिला अडवू नकोस. ती आजवर तुझ्याच स्पीकरमधून वाजत होती आणि गावातल्या एकानेही नाव ठेवलं नाही. तू चांगला मुलगा आहेस, पण भित्रा आहेस, त्यात माझ्यावर गेला आहेस.

आणि सगळ्यांना बजावून सांगतो, ती बाई माणूस, राऊतांची सून, म्हणून तिची चेष्टा करायचं थांबू नका. माझ्यावरचे सगळे विनोद जागेबरोबर तिच्याकडे जातील, आणि नवेही करावेत. जिला कोणी चिडवत नाही ती पाहुणी असते. मला ऑर्केस्ट्रात पाहुणी नको आहे.

कलम ७. माझ्या शेवटच्या दिवशी न्यू व्हायोलेटने यावं, बायजाला चालेल एवढंच वाजवावं आणि माझ्याबद्दल भाषण करू नये. मृत्युपत्राची व्यवस्था ज्ञानदाबाई पाहतील. याआधी मी असा कागद केलेला नाही. पुढे केला तर नवा खरा मानावा.

वरचं सगळं मी लिहिलं, वाचलं आणि मला मान्य आहे. साक्षीदारांना फक्त हे शेवटचं पान दाखवलं आहे.

हरेश्वर गोविंद राऊत (सही)
ठिकाण: वसई
दिनांक: ३ जून २०२५

साक्षीदार पहिले: हरेश्वर राऊत माझे रुग्ण आहेत. ते पूर्ण शुद्धीवर असून आपण काय करत आहोत याची त्यांना जाणीव आहे. त्यांनी माझ्यासमोर सही केली.
डॉ. हर्षवर्धन (सही)

साक्षीदार दुसरे: मी आलोशियस डिमेलो, राहणार वसई. यायला थोडा उशीर झाला. हरेश्वरने आत काय लिहिलंय ते त्याने वाचू दिलं नाही, हाताने झाकून बसला. सही माझ्यासमोर केली, उजव्या हाताने. डाव्या हाताचं मला तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच हळदीला कळलं होतं. माझा पाय इतकी वर्षं त्याच्या बासबरोबर पडतोय, माणूस बदललेला मला कळणार नाही काय? पडद्याच्या फटीतून बघितलं, तर सूनबाई. बोललो नाही, कारण हा वेडा तिथे उभा राहून खूश दिसत होता. पोरगी चांगली वाजवते, याच्यापेक्षा बरी. फक्त गाणं संपत आलं की लयीत पळत सुटते. एवढी घाई असेल तर तिने वसई स्टेशनला रिक्षा चालवावी, असं मी तिला सांगणार आहे. ती पडद्यापुढे आली की स्टेजवरच सांगणार, सगळ्यांसमोर, माईकवर.
आलोशियस डिमेलो (सही)