तनूच्या पापणीतली कामटी

७ फेब्रुवारी
विद्या जाऊन दीड महिना. तनूची उजवी पापणी परत सुजली, तिसऱ्यांदा. माझ्या आईने लवंग उगाळली. "रांजणवाडीच आहे, बसेल." तनू हात लावू देईना. भुवईखालच्या जुन्या खोकेतून पू आला. ती खोक विद्याला नेलं त्या दिवशीची. तेव्हा घरात सगळ्यांचेच डोळे सुजलेले. तिच्याकडे कोण बघणार. मी तर नाहीच.

८ फेब्रु.
माणिकपूरला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे. कशावर पडली, विचारलं. पोरीला आई नाही, आणि बापाला माहीत नाही. तनूच म्हणाली, "बांबूवर." अंगणात तिरडीसाठी तोडलेले, त्यातले उरलेले तुकडे. मी एवढंच म्हटलं, वाडीतला बांबू.
आत काही राहिलं असेल तर औषधाने सूज उतरते, परत येते म्हणाल्या. लाकूड साध्या एक्स-रेत दिसत नाही. सीटी करा.

९ फेब्रु.
सीटी झाला. वरच्या पापणीत काहीतरी आहे. डोळ्याला लागलंय का, उघडल्याशिवाय नक्की सांगत नाहीत.
आई देवापुढे बसून. "मीच लवंग लावत बसले रे इतके दिवस." तिला समजावू तरी कुठल्या तोंडाने

११ फेब्रु.
सकाळी ऑपरेशन. पाऊण तास. बाई दारातूनच म्हणाल्या, "डोळा शाबूत आहे." मी बाकावर बसलो. बांबूची कामटी निघाली, तनूच्या नखाएवढी. घरी न्यायची का, विचारलं. नको म्हटलं.
शुद्धीवर आल्यावर तनू, "पप्पा, डोळा काढला?"
"नाही गं. कचरा काढला."
"मग उद्या शाळा?" तोंड वाकडं.

१३ फेब्रु.
घरी. आईने पेज केली. तनू म्हणे, मीठ कमी.
आई, "एका डोळ्याने एवढं कळतं, दोन्ही उघडल्यावर माझं काय करशील गं बये?"
तिघेही हसलो.
रात्री झोप लागली मला. सलग.

२० फेब्रु.
टाके काढले. पू नाही, सूज नाही. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली. पापणी अजून पूर्ण वर जात नाही. सावकाश सुधारेल, महिन्याने दाखवा.
येताना रिक्षात तनू, "मम्मीला नेलं तेव्हा मी मागून धावले. पडले. तोवर सगळे पुढे गेले."
मला हे कोणीच सांगितलं नव्हतं.
"कुठे नेलं ते मला दिसलंच नाही, पप्पा. दाखवशील?"
हो म्हटलं. आमचं गिरीज आलं, उतरलो. कधी, ते तिने विचारलं नाही. मीही दिवस ठरवला नाही.