फाटकातलं साळिंदर

दि. ३ फेब्रुवारी

ती. बाबांना,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

१. रविवारी दुपारी मी आमच्या कंपनीच्या शेतीच्या ऑनलाइन खेळात पत्त्यांचा एक सामना खेळले. सामना पणाचा होता. त्यात हरणाऱ्याचं एक पान जातं आणि त्या पानावरचं जित्राबही त्याच्या शेतावरून उठून जिंकणाऱ्याकडे येतं.

२. समोरच्या खेळाडूने 'रिकामटेकडा' असं नाव घेतलेलं होतं.

३. तो चांगला खेळला. शेवटच्या डावात त्याने तांब्याच्या काट्यांचं साळिंदर पुढे केलं. माझ्या हातात पुराचं पान होतं. मी जिंकले.

४. संध्याकाळी साळिंदर माझ्या शेताच्या फाटकाशी येऊन बसलं. पाळणारा जित्राबाला हवं ते नाव देऊ शकतो. याचं नाव 'पक्कड' होतं.

५. मला पक्कड म्हणणारा माणूस एकच आहे. लहानपणी दुकानात तुम्ही काहीही मागितलंत तरी मी पक्कडच आणून द्यायचे, म्हणून. तेव्हा रिकामटेकडा म्हणजे तुम्ही.

यावर मला काही विचारायचं नाही. मी विजेच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरायचं आपलं दुकान सोडून खेळ बनवायच्या नोकरीला निघाले, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात की पोरखेळावर पोट भरणाऱ्याच्या दारात मी पाऊल ठेवणार नाही. ते तुम्ही आजवर पाळलंत. माझ्या घराचा पत्ता तुमच्याकडे आहे, पण तुम्ही आला नाहीत. म्हणून आश्चर्य वाटलं, एवढंच.

कामाची गोष्ट अशी. जिंकून आलेलं जित्राब नव्या शेतावर खात नाही. जुन्या मालकाने तिथे येऊन, फाटकाच्या आत, एकदा त्याला स्वतःच्या हाताने खाऊ घालावं लागतं. मग ते रुळतं. हंगाम संपेपर्यंत, म्हणजे या महिन्याच्या अखेरीपर्यंत, तो आला नाही तर ते जंगलात निघून जातं आणि कोणालाच मिळत नाही. तुम्ही येऊन जावं. पाच मिनिटांचं काम आहे.

फोन करणार होते. पण फोनवर आपण दोघंही नुसते श्वास ऐकत बसतो, म्हणून लिहिलं.

लोभ आहे हे गृहीत धरते.
तुमची मुलगी

दि. ८ फेब्रुवारी

चि. पक्कड हीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. आधी एक गैरसमज दूर करतो. तो खेळ तुझी आत्या खेळते. मी फक्त टॅब चार्ज करून देतो.

दुकान ठीक चाललं आहे. परवा बेकरीच्या कणीक मळायच्या यंत्राची मोटार आली. आधीच्या शहाण्याने आत अ‍ॅल्युमिनियमची तार भरली होती आणि वर तांब्याचे पैसे लावले होते. सगळी उपसून काढली आणि नव्याने भरली. अशी कामं आता क्वचितच येतात. लोक मोटार जळली की नवी आणतात. हल्ली दुपार मोठी असते.

आत्याचं म्हणणं असं की पुराचं पान तू शेवटपर्यंत दाबून धरलंस ते बरोबर केलंस. साळिंदर इतक्या लवकर काढायला नको होतं, ही चूक तिची. घाई नडली. तिने हेही पाहिलं की तुझ्या शेताचा पाट चुकीच्या उताराने काढलेला आहे. पाणी फाटकाबाहेर वळणावरच तुंबतं आणि टोकाच्या वाफ्याला पोचत नाही. इंजिनिअरने असा पाट काढावा याचं तिला वाईट वाटलं.

येण्याचं म्हणशील तर ती येणार नाही. हरलेल्याने जिंकलेल्याच्या दारात जाऊन उभं राहू नये, असं तिचं मत आहे आणि मला ते पटतं. जित्राब तुझं झालं, तू बघ. त्याला आधी पाणी लागतं, मग खाणं. उलट केलंस तर ते तोंड फिरवून बसतं. काटे फुलवले तर घाबरू नकोस, ती त्याची लाडात यायची रीत आहे.

तब्येत सांभाळ. खुर्चीत वाकून बसू नकोस. माया कमी झालेली नाही, हे पत्रात लिहायची गरज नसावी.

तुझा बाबा

दि. ९ फेब्रुवारी

पक्कडबाई,
आशीर्वाद, आणि कान धरून दोन शब्द.

काल तुझ्या बाबाने पत्र लिहिलं आणि पाकीट चिकटवताना मला बजावलं की कोणी विचारलं तर तो खेळ मी खेळते असं सांगायचं. मी खेळते म्हणे. मला त्या टॅबची उजवी बाजू कुठली तेही कळत नाही. आयुष्यभर इस्पितळात लोकांना सुया टोचल्या, आता म्हातारपणी साळिंदर पाळते आहे. तेव्हा मी तुला खोटं लिहिणार नाही.

झालं ते असं. दुकानातला शेवटचा कारागीर गेल्या वर्षी सोडून गेला. तेव्हापासून तुझा बाबा मोटारींच्या बाकाशी टॅब घेऊन बसायला लागला. गिऱ्हाईक आलं की टॅब खोक्याखाली. मला वाटायचं बातम्या बघतो. मग एकदा जेवताना म्हणाला, "पक्कड आज नीट जेवली." मला वाटलं तुझा फोन आला होता. मी आनंदाने विचारलं की अजून काय म्हणाली, तर हा लालबुंद. तेव्हा सगळं बाहेर आलं. बाकीची जनावरं नुसती गाय, बदक अशीच आहेत. नाव एकाच जनावराला दिलेलं आहे.

 सामना हरल्यापासून हा रोज सकाळी शेताला पाणी देतो आणि टॅब बंद करतो, खेळत नाही. परवा मला विचारत होता की जंगलात गेलेलं जनावर परत कधी येतं का. मी काय सांगणार, डोंबल? मी म्हटलं तुझ्या मुलीला विचार, तिचंच जंगल आहे. तर उठून गेला.

तो रागावलेला नाही गं. राग केव्हाच विरला. पण त्या दिवशी जे बोलून बसला, ते गिळायचं कसं हे त्याला कळत नाही. मोटार जळाली तर उघडून बघतो, स्वतःचं झाकण काही त्याला उघडता येत नाही. मी सांगून पाहिलं की जा तिच्याकडे, एक रात्र राहून ये. म्हणतो, घरी बोलावलं कुठे आहे? आणि तू तर त्याच्या वरताण आहेस. दोघांच्या तोंडाला कुलूप आणि किल्ली माझ्याकडे शोधता.

तू त्या कंपनीतच आहेस ना? मग ऑफिसातून काही कळ फिरव आणि ते जनावर गुपचूप त्याच्या शेतावर सोडून दे. त्याला वाटेल आपोआप आलं. कोणाला कमीपणा नको.

हे पत्र त्याला माहीत नाही. उत्तर देताना डोकं चालव.

माझी आठवण अधूनमधून येऊ दे,
तुझी आत्या

दि. १५ फेब्रुवारी

ती. बाबांना,
शि. सा. नमस्कार.

ऑफिसातून बदल करून साळिंदर परत पाठवता येईल का, असा प्रश्न माझ्याकडे आला आहे. कोणाकडून ते लिहीत नाही. उत्तर: येईल. एका ओळीचं काम आहे. मी करणार नाही. कंपनीत ते चालत नाही, हे एक कारण. दुसरं, तुमच्या शेतावर ते असं परत आलं तर तुम्हाला लगेच कळेल की कोणी तरी आत हात घातला आहे. दुसऱ्याने भरलेली तार तुम्ही झाकण उघडताच ओळखता.

परत सामना खेळून मुद्दाम हरणारही नाही. आपल्या घरात तसं कोणी कधी खेळलेलं नाही.

जुन्या मालकाने आत यावं हा नियम मी लिहिला आहे. पणाचा सामना झाला की हरलेला माणूस एक शब्द न बोलता निघून जायचा आणि बरेचसे परत खेळायलाच यायचे नाहीत. मला वाटलं, दोघांनी एकदा तरी एका फाटकात उभं राहावं. बैठकीत मी हे कारण आकड्यांसकट मांडलं आणि ते मंजूर झालं. नियम लिहिताना तुमचा विचार मनात नव्हता, असं मात्र मला खात्रीने म्हणता येत नाही.

आता तुमच्याबद्दल. शेताच्या फाटकावर कोण येऊन गेलं हे प्रत्येक मालकाला दिसतं. बुधवारी रिकामटेकडा आला होता. तो आत आला नाही. त्याने फाटकाबाहेरचा पाट उकरला, वळण काढून टाकलं, उतार सरळ केला आणि परत गेला. टोकाच्या वाफ्याला पाणी मिळालं. घेवडा वर आला आहे. साळिंदर त्या वेळी फाटकाच्या आतल्या बाजूला, काटे फुलवून बसलेलं होतं. तुम्ही ते पाहिलं असणार. मी पाणी आधी ठेवते, मग खाणं. पाणी पितं. खाण्याला तोंड लावत नाही.

तुम्हाला बोलावणं हवं आहे असं आत्या म्हणत नाही, मीच म्हणते. मी आजवर घरी बोलावलं नाही. तुम्ही येणार नाही असं सांगितलं होतंत आणि मी ते जसंच्या तसं धरलं. तुमच्याच हाताखाली शिकले, मोजमाप एकदा घेतलं की परत टेप लावत नाही. इथे परत लावायला हवी होती.

घर दुसऱ्या मजल्यावर आहे. दोन खोल्या आणि एक लांबट ओटा. खिडकीतून समोरच्या धोबीखान्याचं छप्पर दिसतं. पंखा नीट चालतो, नळ गळत नाहीत, इमारतीच्या पंपाचा आवाजही ठीक आहे. म्हणजे दुरुस्तीचं निमित्त मला देता येत नाही आणि एखादी वस्तू मुद्दाम बिघडवून ठेवणं मला जमलं नाही. नुसतंच यावं लागेल.

टॅब बरोबर आणा, कारण साळिंदराला खाऊ घालायचं ते तुमच्याच खात्यातून घालावं लागतं. चार्जर माझ्याकडे आहे. माझ्या टेबलाशी दुसरी खुर्चीही आहे. शेजारी बसून तुम्ही फाटकातून आत या, मी आतून बघते.

हंगाम शनिवारी, २८ तारखेला संपतो. त्या दिवशी मला सुट्टी आहे. सकाळच्या बसने निघालात तर दुपारी पोचाल, मी थांब्यावर असेन. आत्यालाही आणा.

बुधवार, २५ तारखेपर्यंत मला कळवा, येणार की नाही.

तुमची,
पक्कड