जाळीआडची रुझेनाआत्या

बाल्टिमोर, ३ ऑगस्ट १९६१

चि. मिलाडास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू क्लीव्हलंडला बसून आपल्या जुन्या वस्तीच्या विसरलेल्या गोष्टींचं पुस्तक काढणार, आणि त्या आठवायचं काम मात्र माझ्या डोक्यावर! बरं, ही घे एक. दारूबंदीच्या काळात सरकारी माणसं आपल्या गल्लीतल्या गुत्त्यातली बिअरची पिंपं गटारात ओतत होती. तुझी आजी ब्रश घेऊन धावली, आणि पायऱ्या घासायला पाणी नाही, हेच चालेल, असं साहेबाला सांगून तिनं पिंपाच्या तोंडाखाली बादली धरली. पाहता पाहता गल्लीतल्या सगळ्या बायका बादल्या घेऊन हजर. त्या दिवशी एकाही पायरीला थेंब लागला नाही, आणि तुझे आजोबा जिन्यात बसून गात होते.

खिडक्यांवरच्या रंगवलेल्या जाळ्यांचं विचारलंस. त्या काय विसरायच्या? माझ्या दर्शनी खिडकीच्या जाळीवर अजून लाल छपराचं घर, तळं आणि दोन हंस आहेत. रस्त्यावरच्याला फक्त हंस दिसतात, आतल्याला सगळा रस्ता. रोज संध्याकाळी दिवा लावून मी तिथंच शिवण घेऊन बसते. समोरचे स्लाडेक त्याच वेळी हॅट घालून आपल्या संगमरवरी पायऱ्या घासतात. बायको जाऊन बारा वर्षं झाली, पण पायरीवर डाग म्हणून नाही. परवा तर घासता घासता मध्येच कंगवा काढून केस विंचरले. माझी हसून पुरेवाट झाली.

त्यांनी आता घर विकायला काढलंय. पुढच्या महिन्यात मुलीकडे फ्लॉरिडाला जाणार म्हणे. जाऊ देत बापडे, मला काय त्याचं! शिवताना टाके चुकताहेत, चष्मा बदलायला झालाय.

पत्र टाकत जा, नाहीतर लोभ आटतो.

तुझी,
रुझेनाआत्या

क्लीव्हलंड, १२ ऑगस्ट १९६१

ती. रुझेनाआत्येस शि. सा. न. वि. वि.

आजीची बादली पुस्तकाच्या पहिल्याच पानावर घातली. आमचे हे तर वाचताना इतके हसले की कॉफी शर्टावर सांडली. पण आत्या, दारूबंदी एका परिच्छेदात उरकलीस आणि स्लाडेकांना मात्र दोन परिच्छेद लागले. चष्म्याला काही झालेलं नाही. ते जायच्या आत आपले खसखशीचे गोड पाव, कोलाचे, घेऊन समोर जा आणि मनातलं बोलून टाक. रागावलीस तरी मी हेच लिहिणार.

जाळ्यांची एक गंमत इथल्या एका म्हाताऱ्या चिताऱ्यानं सांगितली. पूर्वी तो तुमच्याकडेच जाळ्या रंगवायचा. म्हणाला, ही सगळी जादू दिवसाची. आत दिवा लागला की चित्र पुसल्यासारखं होतं आणि बाहेरून अख्खी खोली दिसते. पुस्तकात घालायचंय, तेव्हा खरं आहे का ते पाहून कळव.

चूकभूल पोटात घालून लोभ ठेवावा.

तुझी,
मिलाडा

बाल्टिमोर, २० ऑगस्ट १९६१

मिलाडे, आशीर्वाद मागाहून.

शेजारच्या मार्टाला विचारलं. तिनं कपाळावर हात मारला. म्हणे, हे साऱ्या गल्लीला ठाऊक आहे, तुला कोण सांगणार! मला कसं कळावं? मी एकटी राहणारी बाई. मी बाहेर असताना माझ्या घरात दिवा लावणार कोण?

बारा वर्षं गं! नाक जाळीला टेकवून बसत होते. त्यांनी केस विंचरले तेव्हा टाळ्या पिटल्या होत्या मी. पाच दिवस खिडकीवर पडदा ओढलाय आणि पाव आणायला मागच्या गल्लीनं जाते. आता कोलाचे घेऊन कुठल्या तोंडानं जाऊ? ते गेलेलेच बरे.

असं लिहिलं खरं, पण लिहिताना डोळे भरून आले. त्यांनी जाऊ नये गं.

तुझी,
आत्या

बाल्टिमोर, समोरच्या घरातून, २४ ऑगस्ट १९६१

रुझेनाबाईंस स. न. वि. वि.

रस्ता ओलांडायला वीस पावलं लागतात, पण तेवढा धीर होईना, म्हणून चार सेंटांचं तिकीट लावतो आहे. नऊ दिवस तुमच्या खिडकीवर पडदा आहे. आजारी आहात की काय म्हणून मार्टाबाईंकडे चौकशी केली, तेव्हा कारण कळलं.

मग माझीही लबाडी ऐका. पायऱ्या मी सकाळीच घासतो, सगळ्यांसारखा. संध्याकाळी घासण्याजोगं काही उरत नाही. तुम्ही दिवा लावून बसता, म्हणून मी बादली घेऊन बाहेर येतो. केस विंचरले तेही तुम्ही हसावं म्हणूनच.

मुलगी बोलावते आहे, आणि इथं राहा म्हणणारं कुणी नाही, म्हणून जायचं ठरवलं. सोमवारी गिऱ्हाईक सही करायला येईल. तुम्हाला काही म्हणायचं असेल तर त्याआधी म्हणावं.

लोभ असल्याची शंका आहे. ती खरी ठरावी.

आपला,
ओटाकर स्लाडेक

बाल्टिमोर, २९ ऑगस्ट १९६१

चि. मिलाडास पोटभर आशीर्वाद. वि. वि.

शनिवारी कोलाचे भाजले आणि रस्ता ओलांडला. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, पण दार उघडताच सगळं विसरले. ताट पुढे केलं आणि जाऊ नका एवढंच म्हटलं. त्यांनी हॅट काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली.

आणि काल सोमवारी गिऱ्हाईक आलं न् यांनी सही केली! मी खिडकीतून पाहिलं आणि खुर्ची भिंतीकडे फिरवली. तेवढ्यात दार वाजलं. म्हणाले, दोन माणसांना दोन घरं काय करायची आहेत? मग मीच ठरवलं, लग्न ऑक्टोबरात. तुम्ही दोघं चार दिवस आधी या.

तुझ्या पुस्तकाचं काम संध्याकाळी केलं. त्यांना आत दिव्याशी माझ्या खुर्चीत बसवलं आणि मी रस्त्यावर जाऊन उभी राहिले. चितारी खरं बोलला. तळं नाही, हंस नाहीत. माझं टेबल, माझं शिवण, आणि पायावर पाय टाकून वर्तमानपत्र वाचणारे स्लाडेक. मिलाडे, एवढं आयुष्य गेलं, पण संध्याकाळी बाहेरून परतताना मी हे घर अंधारातच पाहत आले. काल मी रस्त्यात होते आणि माझ्या घरात माझी वाट बघणारं माणूस होतं. मी तिथंच उभी राहून रडले.

आता लोभ दोघांवर असू दे.

तुझी,
रुझेनाआत्या